पी-१६ आणि केआय-६७ स्टेन: गर्भाशयमुखाच्या बायॉप्सीत कुठे कामाचे, कुठे नाहीत

‘सीआयएन-२, क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ गर्भाशयमुखाच्या बायॉप्सीच्या रिपोर्टांमधली सगळ्यांत अडचणीची ओळ हीच. सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या अस्तरात कॅन्सरच्या आधी होणारे बदल, त्यांच्या तीन पायऱ्या. सीआयएन-१ बहुतेक वेळा आपलं आपण ओसरतं, सीआयएन-३ वर उपचार करावेच लागतात. मधल्या सीआयएन-२ वर मात्र दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होणं अवघड. तीच स्लाइड त्याच डोळ्यांपुढे महिन्याभराने ठेवली तरी उत्तर बदलू शकतं. मराठवाड्यात या अनिश्चिततेची किंमत बाईला गर्भपिशवी देऊन मोजावी लागते. अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईच्या हातात असा रिपोर्ट पडला की ‘पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार लवकर येतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या कमी वयात काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. त्या प्रश्नाची मुळं बायॉप्सीपेक्षा फार खोल आहेत. पण जिथे बायॉप्सी होते तिथे तरी रिपोर्ट धूसर राहू नये, एवढं लॅबच्या आणि डॉक्टरांच्या हातात आहे.

त्यासाठी पी-१६ आणि केआय-६७ हे दोन इम्युनो स्टेन, म्हणजे अँटीबॉडीने पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या तपासण्या, उपयोगी पडतात. दोन्ही आधीच तयार असलेल्या पॅराफिन ब्लॉकवर (तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर) होतात, त्यामुळे बाईला पुन्हा बोलावून तुकडा घ्यावा लागत नाही. आमचं मत आधीच सांगतो: अडलेल्या बायॉप्सीसाठी पी-१६ मागवावाच, केआय-६७ त्याच्या जोडीला ठेवावा आणि सरसकट प्रत्येक बायॉप्सीवर यांपैकी काहीच लावू नये. पॅप स्मिअरवर (गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशींच्या स्लाइडवर) करायच्या दुहेरी स्टेनबद्दलचं मत वेगळं आहे, ते पुढे येईल.

हे स्टेन नेमकं काय दाखवतात

पी-१६ हे पेशीतलं ब्रेकचं प्रथिन. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या विकरांना अडवतं, त्यामुळे आरबी नावाचं प्रथिन विभाजनाचा मार्ग रोखून धरू शकतं. धोकादायक एचपीव्हीचं (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचं) ई-७ प्रथिन थेट या आरबीलाच निकामी करतं. ब्रेकची तार तुटावी तसं होतं: पेशी पेडल दाबत राहते, पी-१६ साठत जातं आणि गाडी काही थांबत नाही. तो साठा स्लाइडवर तपकिरी दिसतो. म्हणजे पी-१६ विषाणूच्या नुसत्या हजेरीबद्दल फारसं सांगत नाही. विषाणूने पेशीच्या विभाजनाचा ताबा घेतला आहे का, हे सांगतं. एचपीव्हीचा कोणता प्रकार आहे, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी डीएनए चाचणीच हवी.

केआय-६७ विभाजनाच्या चक्रात असलेल्या केंद्रकात दिसतं, विश्रांतीतल्या पेशीत दिसत नाही. नावातलं ‘केआय’ जर्मनीतल्या कील शहरावरून आलं आणि ६७ हा ती अँटीबॉडी ज्या क्लोनमधून (एकाच पेशीपासून वाढलेल्या पेशींमधून) मिळाली त्याचा प्लेटवरचा क्रमांक. ती मूळ अँटीबॉडी फक्त गोठवलेल्या ऊतकावर चालायची. पॅराफिनवर चालणारा एमआयबी-१ क्लोन आल्यावर रोजच्या लॅबला तिचा उपयोग झाला. निरोगी अस्तरात केआय-६७ तळाच्या थराला लागून वरच्या एकदोन ओळींत असतं. अस्तराच्या वरच्या भागात रंगलेली केंद्रकं दिसायला लागली की लक्ष द्यायचं.

कोणाला मागवावा

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या आणि कोल्पोस्कोपिस्टांच्या (भिंगातून गर्भाशयमुख तपासणाऱ्या डॉक्टरांच्या) संघटनांनी मिळून ‘लास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिफारशी काढल्या. सीआयएनच्या तीन पायऱ्यांऐवजी एल-सिल (सौम्य बदल) आणि एच-सिल (तीव्र बदल) अशा दोनच पायऱ्या त्यांनी सुचवल्या आणि पी-१६ कधी वापरायचा तेही ठरवून दिलं. हा नियम अजूनही सगळ्यांत व्यवहार्य आहे. साध्या एच अँड ई (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाच्या) स्लाइडवर सीआयएन-२ म्हणावंसं वाटतंय, तेव्हा पी-१६ लावा. एच-सिल आहे की त्याची नक्कल करणारं काही, हे ठरत नाही, तेव्हा लावा. दोन पॅथॉलॉजिस्टांचं पटत नाही, तेव्हा लावा. आणि स्मिअरमध्ये एच-सिल, एएससी-एच (एच-सिल नाकारता न येणाऱ्या संशयास्पद पेशी) किंवा ग्रंथींच्या संशयास्पद पेशी आल्या आहेत पण बायॉप्सी साधी दिसते, तेव्हाही लावा. एचपीव्ही-१६ पॉझिटिव्ह असूनही बायॉप्सीत काही सापडत नसेल, तर तेही याच गटात.

स्लाइड स्पष्टपणे निरोगी असेल, स्पष्ट सीआयएन-१ असेल किंवा स्पष्ट सीआयएन-३ असेल, तर लावू नका. सीआयएन-१ मध्ये तर याचा त्रासच जास्त. सुमारे एक तृतीयांश सीआयएन-१ पी-१६ ला ठळक पॉझिटिव्ह येऊ शकतात. रिपोर्टवर ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ वाचून तालुक्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख पडते, जेव्हा त्या बाईला फक्त वर्षभराने पुन्हा तपासणीला बोलवायचं असतं. केवळ रंग आला म्हणून सीआयएन-१ चं एच-सिल होत नाही. आधी आकृती, मग रंग, हा क्रम उलटा करू नका.

नक्कल करणाऱ्या तीन गोष्टी

या स्टेनची खरी कमाई इथे आहे, म्हणून इथे सावकाश बोलू.

पहिली, वयाने सुकलेलं अस्तर. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, अस्तर पातळ होतं आणि तळापासून वरपर्यंत सगळ्या पेशी लहान, गडद, एकसारख्या दिसतात. एच अँड ई वर हे हुबेहूब एच-सिलसारखं वाटू शकतं. पी-१६ निगेटिव्ह आणि केआय-६७ जवळजवळ शून्य आलं की प्रश्न मिटतो. दोन्ही स्टेन सोबत लावण्याचा सगळ्यांत मोठा फायदा या वयाच्या बायांना होतो, कारण इथे केआय-६७ चं ‘काहीच नाही’ हे उत्तर अगदी ठाम असतं.

दुसरी, अपक्व मेटाप्लाझिया. ग्रंथींच्या अस्तराच्या जागी स्क्वेमस अस्तर तयार होत असताना मधल्या टप्प्यात पेशी दाट आणि केंद्रकं मोठी दिसतात. इथे पी-१६ निगेटिव्ह असतो किंवा ठिपक्याठिपक्यांनी येतो आणि केआय-६७ खालच्या भागातच राहतं. पेशींच्या वर ग्रंथींच्या अस्तराची एक ओळ शिल्लक असेल तर ती मोठी खूण, पण ती ओळ पुसली गेली असेल तर स्टेनशिवाय इलाज नाही.

तिसरी, दाहानंतरची डागडुजी. जुना सर्व्हिसायटिस (गर्भाशयमुखाचा दाह), कॉपर-टी, वारंवारचा जंतुसंसर्ग. केंद्रकं मोठी, केंद्रिका ठळक, विभाजनाच्या आकृत्याही सापडतात. यात केआय-६७ वाढलेलं असतं आणि एकटंच लावलं तर फसवतं. पी-१६ मात्र सलग रंगत नाही. म्हणूनच ‘पैसे एकाच स्टेनचे आहेत, कोणता लावू?’ असं कोणी विचारलं तर उत्तर पी-१६.

केआय-६७ वाचताना आणखी एक सापळा आहे. दाह असलेल्या अस्तरात लिम्फोसाइट शिरलेल्या असतात आणि त्या विभाजनात असल्या की त्यांची केंद्रकंही रंगतात. लहान, गोल, भोवती पांढरी कड असलेली केंद्रकं मोजणीत धरू नका. तसंच तिरका काप गेला असेल तर तळाचा थर पूर्ण जाडीभर पसरल्यासारखा दिसतो आणि केआय-६७ वरपर्यंत गेल्याचा भास होतो. खालची सीमारेषा दिसत नसेल तर मोजू नका, ब्लॉक खोल कापून नवी पातळी बघा.

‘ब्लॉक पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय

पी-१६ चं उत्तर रंग आला की नाही यावर ठरत नाही, रंग कसा आला यावर ठरतं. तळाच्या थरापासून सुरू होणारा, आडव्या दिशेने सलग, गडद, केंद्रकात किंवा केंद्रक आणि पेशीद्रव्य दोन्हींत, आणि वर किमान अस्तराच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत चढणारा रंग म्हणजे ब्लॉक पॉझिटिव्ह. पूर्ण जाडी रंगलीच पाहिजे असं नाही. याउलट इथे चार पेशी, तिथे दोन पेशी, फक्त वरच्या थरात किंवा फक्त पेशीद्रव्यात फिकट रंग असेल, तर ते सगळं निगेटिव्ह. ‘फोकल पॉझिटिव्ह’ हा शब्द रिपोर्टमध्ये लिहूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाचणारा ‘फोकल’ गाळतो आणि ‘पॉझिटिव्ह’ लक्षात ठेवतो.

चांगल्या रिपोर्टमध्ये ओळ अशी असावी: ‘पी-१६ तळाच्या थरापासून अस्तराच्या दोन तृतीयांश जाडीपर्यंत सलग व गडद, केंद्रक आणि पेशीद्रव्य दोन्हींत, ब्लॉक पॉझिटिव्ह. केआय-६७ वरच्या दोन तृतीयांशात अनेक केंद्रकांत. एच अँड ई सोबत वाचता एच-सिल, सीआयएन-२.’ नुसतं ‘पी-१६ +, केआय-६७ ३०%’ असा रिपोर्ट आला तर फोन करून विचारा. स्क्वेमस अस्तरात केआय-६७ च्या टक्क्यापेक्षा ते कोणत्या उंचीवर आहे हे महत्त्वाचं.

सीआयएन-२ वाटलेली जागा पी-१६ ला निगेटिव्ह आली की ती एल-सिल तरी असते किंवा नक्कल तरी. ब्लॉक पॉझिटिव्ह आली तर एच-सिल. आणि एच-सिल आलं म्हणजेही गर्भपिशवी काढणं हा पहिला उपचार नव्हे. लीप (विजेच्या तारेच्या फाशाने) किंवा कोन (शंकूच्या आकारात कापून) करून बदललेला भाग काढतात. मूल हवं असलेल्या तरुण बाईत सीआयएन-२ वर काही काळ लक्ष ठेवणंही मान्य आहे. ज्या डॉक्टरांकडे लीपची सोय नाही त्यांनी तेवढ्यासाठी गर्भपिशवी काढू नये, बाईला सोय असलेल्या ठिकाणी पाठवावं.

ग्रंथींच्या बाबतीत थोडक्यात. अॅडिनोकार्सिनोमा इन सिटूत (ग्रंथींच्या अस्तरापुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये) पी-१६ सलग गडद आणि केआय-६७ भरपूर असतं. त्याची नक्कल करणाऱ्या निरुपद्रवी ट्युबल मेटाप्लाझियात पी-१६ ठिपक्यांनी येतो, केआय-६७ कमी असतं आणि बीसीएल-२ पॉझिटिव्ह येतं, म्हणून अशा वेळी तिसरा स्टेन बीसीएल-२ चा लावावा. मात्र एक इशारा: गॅस्ट्रिक प्रकारचा अॅडिनोकार्सिनोमा एचपीव्हीमुळे होत नाही आणि पी-१६ ला बहुधा निगेटिव्ह असतो. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एचपीव्हीशी संबंधित आणि असंबंधित असे गट याचसाठी वेगळे केले. ग्रंथी विचित्र दिसत असतील तर निगेटिव्ह पी-१६ वर निर्धास्त होऊ नका.

कोणता क्लोन, कोणतं किट

पी-१६ साठी ई-६-एच-४ हा क्लोन घ्या. रोशच्या सिनटेक किटमध्ये तोच आहे आणि वर सांगितलेले निकष ज्या अभ्यासांवर उभे आहेत त्यांतले बहुतेक याच क्लोनवर झालेले आहेत. दुसरा क्लोन वापरता येतो, पण मग माहीत असलेल्या एच-सिल, सीआयएन-१ आणि निरोगी ब्लॉकांवर तो आधी स्वतःच्या लॅबमध्ये पडताळून बघावा लागतो. केआय-६७ साठी एमआयबी-१ किंवा एसपी-६, दोन्ही चांगले.

हिशेब असा मांडा. एका स्लाइडला साधारण १०० मायक्रोलिटर अँटीबॉडी लागते, म्हणजे वापरायला तयार ७ मिलीच्या बाटलीत ७० स्लाइड. आठवड्याला एकच केस येते आणि प्रत्येक वेळी कंट्रोलची (स्टेन नीट चालतोय का हे दाखवणाऱ्या, उत्तर माहीत असलेल्या तुकड्याची) वेगळी स्लाइड लावली, तर निम्मी बाटली कंट्रोलवर जाते. उपाय दोन: केसेस साठवून आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि कंट्रोलचा तुकडा रुग्णाच्याच स्लाइडच्या कडेला लावा. दुसरा उपाय पैसे तर वाचवतोच, पण त्याच स्लाइडवर रिट्रिव्हल (फॉर्मालिनने झाकलेलं प्रथिन उष्णतेने मोकळं करणं) नीट झालं की नाही हेही कळतं.

कंट्रोल म्हणून फक्त कॅन्सरचा गडद तुकडा पुरत नाही. तो इतका जोरात रंगतो की स्टेन निम्मा कमजोर झाला तरी ठीकच दिसतो. टॉन्सिलचा तुकडा सोबत ठेवा: त्याच्या खाचांच्या अस्तरात आणि जर्मिनल सेंटरमधल्या जाळीत पी-१६ चा हलका ते मध्यम रंग यायलाच हवा. तो हलका रंग गायब झाला की समजा, स्टेन कमी पडतोय. केआय-६७ चा कंट्रोलही याच टॉन्सिलमध्ये होऊन जातो.

तुकडा घेण्यापासून कव्हरस्लिपपर्यंत

बिघाड बहुतेक वेळा लॅबमध्ये होत नाही, दवाखान्यातल्या बाटलीत होतो. तुकडा सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत तळाला थोडं फॉर्मालिन घालून पाठवला जातो. हवं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या किमान दहा पट. ते तयार करणं अवघड नाही: बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर नसलेलं फॉर्मालिन ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं आणि रक्ताळलेल्या तुकड्यात तपकिरी-काळे कण सोडतं. हे कण डीएबी या स्टेनच्या रंगद्रव्याच्या तपकिरी रंगात मिसळले की नवा माणूस हमखास फसतो. शंका आली तर स्टेन न केलेली त्याच ब्लॉकची स्लाइड बघा: कण तिथेही असतील तर ते फॉर्मालिनचे.

फिक्सेशन किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. शनिवारी घेतलेला तुकडा मंगळवारी संध्याकाळी लॅबला पोचला तर ही मुदत टळते, म्हणून बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहा. पंच बायॉप्सीचा तुकडा २ ते ४ मिलिमीटरचा असतो. तो फिल्टर पेपरच्या तुकड्यावर कापलेली बाजू खाली ठेवून बाटलीत सोडला तर वळत नाही आणि एम्बेडिंग करताना कडेवर उभा करता येतो. तिरक्या कापाचा सगळा घोळ इथेच टळतो.

लॅबसाठी सगळ्यांत मोलाची सूचना: पहिल्यांदा ब्लॉक कापतानाच चार कोरे काप चार्ज्ड (काप घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर उचलून ठेवा. एच अँड ई बघून पुन्हा ब्लॉक मायक्रोटोमवर चढवला की समतल करण्यातच पाचदहा काप वाया जातात आणि दोन मिलिमीटरच्या तुकड्यातला बदललेला भाग संपून जातो. साध्या स्लाइडवर हे काप रिट्रिव्हलमध्ये सुटून येतात, म्हणून चार्ज्ड स्लाइडच. मात्र कोरे काप महिनोन्महिने ठेवू नका, त्यांचं अँटीजेन कमी होत जातं.

काप ३ ते ४ मायक्रॉन. ६० अंशांवर तासभर वाळवून झायलीन आणि अल्कोहोलमधून पाण्यात आणा. रिट्रिव्हलसाठी ट्रिस-ईडीटीए, पीएच ९: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला ट्रिस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. बफर आधी ९५ ते ९९ अंशांवर आणून मग स्लाइड सोडा, १० मिनिटं ठेवा, आणि त्याच भांड्यात २० मिनिटं निवू द्या. घाईने गरम स्लाइड थंड पाण्यात टाकली की काप सुरकुततो किंवा निघून जातो. प्रेशर कुकर वापरत असाल तर वेळ स्वतःच्या कुकरवर ठरवून घ्या आणि नंतर बदलू नका.

पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के, ५ ते १० मिनिटं. गर्भाशयमुखाचे तुकडे रक्ताळलेले असतात, ही पायरी कमी पडली तर तांबड्या पेशी तपकिरी होतात. उन्हाळ्यात पेरॉक्साइडची बाटली लवकर निकामी होते, ताजी वापरा. मग पहिली अँटीबॉडी ३० मिनिटं, पॉलिमर ३० मिनिटं, डीएबी १० मिनिटांपर्यंत, आणि प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये पीएच ७.६ च्या ट्रिस बफरने धुणं. हिमॅटॉक्सिलिन हलकं द्या. गडद निळ्याखाली केंद्रकातला पी-१६ आणि केआय-६७ दोन्ही झाकले जातात. डीएबी कॅन्सरकारक असण्याचा संशय आहे: हातमोजे घाला आणि उरलेलं द्रव बेसिनमध्ये ओतू नका.

मराठवाड्याच्या हवेचं वेगळं सांगावं लागतं. प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीच्या लॅबमध्ये पंख्याखाली ३८ अंश असतं आणि हवा कोरडी. अशा वेळी ३० मिनिटांत कापाच्या कडा सुकतात आणि तिथे खोटा तपकिरी पट्टा उमटतो. अस्तर बहुधा तुकड्याच्या कडेलाच असतं, त्यामुळे हा पट्टा थेट निदानावर बसतो. झाकणाच्या चपट्या स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू पेपर अंथरून त्यावर काड्या ठेवा, स्लाइड काड्यांवर ठेवा, झाकण लावा, पंखा बंद करा. एसी असेल तर तासभर आधी सुरू करा.

पाणी हा दुसरा प्रश्न. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी बफरमध्ये चालत नाही, पीएच बिघडतो आणि स्लाइडवर क्षार बसतात. हिमॅटॉक्सिलिन निळं करायला मात्र तेच पाणी उत्तम, कारण ते अल्कधर्मी असतं. तिसरा प्रश्न वीज. अँटीबॉडी २ ते ८ अंशांत हवी, गोठता कामा नये. फ्रिजच्या दारात किंवा फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात मागे टेकवून ठेवू नका. मधल्या कप्प्यात थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. लाइट गेली की फ्रिज उघडू नका. पार्सल आलं की जेल पॅक बाटलीला चिकटून आलाय का, आधी ते बघा.

पॅप स्मिअरवरचा दुहेरी स्टेन

यात एकाच स्लाइडवर पी-१६ तपकिरी आणि केआय-६७ लाल रंगतं. निरोगी पेशीत ब्रेक दाबलेला असताना विभाजन चालू असणं शक्य नाही. म्हणून तपकिरी पेशीद्रव्यात लाल केंद्रक असलेली एक पेशी जरी सापडली तरी स्लाइड पॉझिटिव्ह, मग तिचा आकार कसाही असो. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये याला मान्यता दिली आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही पॉझिटिव्ह बायांची पुढची चाळणी म्हणून त्याला स्थान दिलं. चाचणी चांगली आहे. लाल रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो, हे तेवढं लक्षात ठेवा: सवयीने अल्कोहोल-झायलीनमधून नेलं तर केआय-६७ पुसलं जातं. पाण्यावर आधारित माध्यमानेच माउंट करा.

तरी आमच्याकडे ती आत्ताच आणायची घाई करू नये. ती एचपीव्ही चाचणीनंतरची पायरी आहे आणि पहिली पायरीच अजून बहुतेक बायांपर्यंत पोचलेली नाही. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि त्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. जगाने धोरण बदललं त्यात आपल्याच धाराशिवच्या या कामाचा मोठा वाटा आहे. जिल्ह्याला पैसे मर्यादित असतील तर ते आधी एचपीव्ही चाचणीवर आणि लीपच्या यंत्रावर जावेत.

ब्लॉक बाहेर पाठवताना

ज्या लॅबमध्ये इम्युनोची सोय नाही तिथला ब्लॉक संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जातो. नुसता ब्लॉक पाठवू नका. सोबत एच अँड ई स्लाइड, मूळ रिपोर्टची प्रत आणि स्मिअर, कोल्पोस्कोपी, पाळीची स्थिती, वय ही माहिती द्या. पाळी गेली आहे की नाही हे न कळवता पी-१६ वाचायला लावणं अन्यायाचं आहे. पाठवण्याआधी लॅबला विचारा: क्लोन कोणता, कंट्रोल त्याच स्लाइडवर असतो का, आणि स्टेन वाचणारा एच अँड ई सुद्धा बघतो का. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर दुसरी लॅब शोधा.

पॅराफिन ५६ ते ५८ अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. मे महिन्यात एसटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ब्लॉकची कड बसते आणि दोन मिलिमीटरचा तुकडा वाकडा होतो. रात्रीच्या गाडीने, कापसात गुंडाळून, कडक डबीत, बाहेरून जेल पॅक लावून पाठवा. नंबर पेन्सिलने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये जाते. काम झालं की ब्लॉक आणि स्टेन झालेल्या स्लाइड दोन्ही परत मागवा आणि बाईच्या फाइलला त्याची नोंद करा. पुढे लीप झालं तर नव्या तुकड्याशेजारी ठेवून बघायला याच स्लाइड लागतात.